चेटकिणीला आवाज देणारी

बस डेपोच्या चौकशी खिडकीमागे ती तेवीस वर्षं बसली, आणि तेवढ्या वर्षांत तिचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी उच्चारलं नसेल. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाली, मॅनेजर, सगळे तिला रेडिओ म्हणत. तिचा आवाजच तसा होता. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते आहे एवढंच ती सांगायची, पण असं स्वच्छ सांगायची की म्हातारी माणसं पुन्हा विचारायला खिडकीशी येत नसत.

घरी दोनच माणसं, ती आणि तिची भाची. भाची सात वर्षांची असताना तिचा बाप वारला, आणि वर्षभरात तिची आई, म्हणजे रेडिओची धाकटी बहीण, एका माणसाबरोबर दूरच्या शहरात निघून गेली. पंधरा दिवसांत पोरीला न्यायला येते म्हणाली आणि गेली ती गेलीच. पोरीची वेणी, गोवर, गृहपाठ, दहावी, सगळं मावशीने काढलं. त्यात स्वतःचं लग्न राहून गेलं, त्याचंही तिने कधी रडगाणं गायलं नाही. "आई कधी येणार?" असं पोर विचारायची तेव्हा सुरुवातीला ती म्हणायची, "येईल." मग म्हणायला लागली, "आली नाही ना ती, आता सोड." भाचीने सोडलं. आता ती वीस वर्षांची होती आणि डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण घेत होती.

डेपोच्या ड्युटीनंतर रेडिओ अधूनमधून जाहिरातींना आवाज द्यायला जायची. साबण, खत, दातदुखीचं मलम. तिथल्याच ओळखीतून तिला एका कॉम्प्युटर गेमचं काम मिळालं. तलवारी, किल्ले आणि शापांचा गेम होता, आणि तिच्या वाट्याला आली होती राजाच्या कानाला लागलेली चेटकीण. ती सिंहासन बळकावायचा डाव रचत असते, त्यासाठी खेळणाऱ्या नायकाला हाताशी धरते, आणि मधेच कुठेतरी दोघांचं जुळतं. शेवट तीन होते. नायकाने तिला दरबाराच्या हवाली करायचं, स्वतःच्या हाताने मारायचं, किंवा सगळं टाकून तिच्याबरोबर पळून जायचं.

स्टुडिओत तिच्या हातात फक्त चेटकिणीची वाक्यं होती, समोरच्याची नव्हती. तीही उलटसुलट. सकाळी ती मरायची आणि दुपारी तिची नायकाशी ओळख व्हायची.

"ही इथे खरं बोलतेय का?" तिने एकदा दिग्दर्शकाला विचारलं.

"लिहिणाऱ्यांनी कळवलेलं नाही," तो काचेपलीकडून म्हणाला. "तिन्ही शेवटांना चालेल असं म्हणा. ऐकणारा ठरवेल."

वाक्य होतं, "तू गेलास तर मला कुणाशी खोटं बोलायचं उरणार नाही." 'उरणार'वर तिचा आवाज चिरकला. तिने पाणी पिऊन पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथेच चिरकला. तिसऱ्यांदाही. दोन महिने घसा बसत होता, डेपोतल्या धुराने बसत असेल असं तिने धरून चाललं होतं. दिग्दर्शक म्हणाला, "राहू द्या, बरं वाटतंय." आणि ते तसंच राहिलं.

गेम बाजारात आला आणि पोरांनी तो डोक्यावर घेतला. भाची तर त्यात बुडून गेली. खेळणाऱ्यांचा एक मोठा ग्रुप होता, हजारोंचा, आणि त्यात एकाच गोष्टीचा कीस पडत होता, चेटकिणीचं नायकावर खरंच प्रेम होतं की नाही. दोन तट पडले. एक पळणारे, एक मारणारे. कुणी तक्ता करून दाखवला की ती एकशे बारा वाक्यांत एकोणचाळीस वेळा खोटं बोलते. कुणी उत्तर दिलं की आमच्या घरातलं प्रमाण याहून वाईट आहे, आणि आमचा संसार पस्तीस वर्षांचा आहे. पळणाऱ्यांचं वकीलपत्र घेतलं होतं 'चौथा पहारेकरी' नावाने लिहिणाऱ्या एकाने. त्याने ते चिरकलेलं वाक्य हळू वेगाने शंभरदा ऐकलं होतं. 'इथे ती स्वतःला आवरते आहे आणि आवाज निसटतो आहे,' त्याने लिहिलं. 'एवढं ठरवून आणता येत नाही. हाच पुरावा.' त्याच्या खाली 'खडीसाखर' नावाच्या बाईने एक ओळ टाकली, 'ठरवून आणणं हाच तिचा धंदा आहे, दादा.' त्यावर सहाशे प्रतिक्रिया आल्या.

रेडिओ ड्युटीवरून आली की भाची तिला हे वाचून दाखवायची. स्वतः भाची मारणाऱ्यांपैकी होती, आणि तिथे तडजोड नव्हती.

"पण ती वाचवते ना त्याला?" बटाटे सोलता सोलता मावशी म्हणाली.

"स्वतःसाठी वाचवते. त्याची हरवलेली बहीण जिवंत आहे हे तिला पहिल्यापासून माहीत असतं, मावशी. तरी सांगत नाही. का, तर तो तिला शोधायला निघून जाईल. आणि ही मंडळी त्याला प्रेम म्हणतात."

"भीती वाटत असेल तिला."

"वाटू दे की. प्रेम असतं तर एकदा तरी खरं बोलली असती."

मावशीने सोललेला बटाटा पुन्हा सोलायला घेतला.

कारण भाची दहा वर्षांची असताना तिची आई आली होती. भर दुपारी, पोर शाळेत असताना, हातात निळं दप्तर घेऊन. न्यायला आले म्हणाली. रेडिओने तिला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "ती तुला विसरली आहे. मला आई म्हणते. पुन्हा तोंड दाखवून तिचं वाटोळं करू नकोस," असं ती म्हणाली, आणि यातलं एक अक्षर खरं नव्हतं. पोर त्याच सकाळी शाळेत जाताना आईबद्दल विचारून गेली होती. बहीण दप्तर दारात ठेवून परत गेली. ते रेडिओने दुसऱ्या दिवशी झाडूवालीच्या मुलीला देऊन टाकलं. दहा वर्षं तिने ही गोष्ट पोटात ठेवली होती.

घसा काही सुटेना तेव्हा ती दवाखान्यात गेली. डॉक्टरने आत नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला आणि आठवड्याने समोर बसवून सांगितलं, गाठ आहे, साधी नाही, स्वरयंत्र काढावं लागेल. पुढे श्वास गळ्याला केलेल्या भोकातून. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. भाचीची परीक्षा दोन आठवड्यांवर होती. परीक्षा झाली की सांगू, असं तिने ठरवलं. ठरवताना तिला काही वावगं वाटलं नाही, कारण ती नेहमी असंच ठरवत आली होती.

त्याच दिवसांत ग्रुपवाल्यांनी गेमच्या शेवटच्या नामावलीतून तिचं नाव हुडकून काढलं. त्यांचा मेळावा होता, रविवारी सकाळी, एका वाचनालयाच्या सभागृहात. तिने यावं आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यावं, एवढीच विनंती.

"चल ना," भाची म्हणाली. "एकदाचा निकाल लागू दे."

पोरीचा चेहरा असा फुललेला तिने फार दिवसांनी पाहिला होता. शिवाय आवाज आता दोन आठवड्यांचा पाहुणा होता. ती गेली.

चाळीसेक माणसं जमली होती. चौथा पहारेकरी म्हणजे कुणी तरणा गडी असेल असं तिला वाटलं होतं. तो निघाला कोर्टातला टायपिस्ट, पन्नाशी उलटलेला, कडक इस्त्रीच्या शर्टात. खडीसाखर बालवाडीत शिकवत होती. दोघं शेजारी शेजारी बसली होती आणि एकाच डब्यातली बिस्किटं खात होती. टायपिस्ट उभा राहिला. त्याने प्रश्न कागदावर लिहून आणला होता.

"बाई, ते वाक्य म्हणताना तिच्या मनात काय होतं? प्रेम होतं ना?"

हो म्हटलं असतं तर माणूस सुखाने घरी गेला असता. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण त्या चेहऱ्याकडे बघून तिला एकदम दमल्यासारखं झालं.

"मला माहीत नाही," ती बसक्या आवाजात म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यापुढे एक कागद होता, बस. आणि आवाज फुटला तो गळ्यात गाठ होती म्हणून. तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलंय. पुढच्या महिन्यात आवाज राहणार नाही."

टायपिस्टाने कागदाची घडी केली, आणखी एक केली, आणि तो खाली बसला. मग तिने तिसऱ्या रांगेत पाहिलं. भाची तिच्याकडे बघत नव्हती, समोरच्या खुर्चीच्या पाठीकडे बघत होती. तेव्हा रेडिओच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

दोघी चालत घरी निघाल्या.

"कधी कळलं?" भाचीने विचारलं.

"अकरा दिवस झाले. तुझी परीक्षा..."

"माझ्या परीक्षेचं नाव घेऊ नकोस. चाळीस लोकांना सांगितलंस. मला नाही."

रस्ता ओलांडायला थांबल्या तेव्हा मावशी म्हणाली, "अजून एक आहे." आणि तिथेच, सिग्नलच्या खांबाला धरून, तिने बहिणीचं येणं सांगितलं. सिग्नल दोनदा सुटला. दोघी तिथेच उभ्या होत्या.

"दप्तर कुठे आहे?" भाचीने शेवटी विचारलं.

"देऊन टाकलं."

भाची पुढे चालायला लागली. घर येईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.

तिने परीक्षा दिली, एका विषयात नापास झाली. ऑपरेशनच्या कागदावर जवळची नातेवाईक म्हणून सही केली. दवाखान्यात एकोणीस दिवस उशाशी राहिली, नळी साफ करायला शिकली, पातळ खाणं गाळून आणलं. नर्स म्हणायच्या, पोटची पोर एवढं करणार नाही. त्या एकोणीस दिवसांत ती मावशीशी कामापुरतं बोलली. "मान वर कर." "दुखतंय?" "झालं." घरी आणून सोडल्यावर दहाव्या दिवशी तिने आईचा पत्ता मागितला. तो त्या दप्तरात सापडला होता; रेडिओने वहीत लिहून दिला, पान फाडून हातात दिलं. संध्याकाळच्या गाडीने भाची गेली.

ग्रुपात वाद काही थांबला नाही. कलाकाराच्या आजारपणाचा कथेशी संबंध काय, असं एका तटाने म्हटलं. पुरावाच निकालात निघाला, असं दुसऱ्याने. लोकांची सहानुभूती मिळवायला बाईने आजार रचला असेल, असंही एकाने लिहिलं, आणि त्यालाही दुजोरा देणारे भेटले. चौथ्या पहारेकऱ्याने लिहिणं बंद केलं. खडीसाखरेने एकदा चौकशी केली की बाई कशा आहेत, त्यावर कुणी उत्तर दिलं नाही. भाचीने आपलं नाव त्यातून काढून घेतलं होतं.

डेपोने रेडिओला चौकशी खिडकीतून हलवून सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. छत्र्या, डबे, एक कुबडी, एकेक चप्पल. प्रत्येकाला चिठ्ठी बांधायची, तारीख घालायची. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र तिला मिळालं होतं, पण त्यातला घरघरता सपाट आवाज तिला स्वतःलाच ऐकवत नसे. ती वही वापरायची. रेडिओ म्हणून हाक मारणं लोकांच्या जिवावर यायला लागलं आणि दुसरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिला कुणी हाकच मारेनासं झालं.

नऊ महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, भाची आली. वाळली होती. आपले जाड कपडे घ्यायला आले म्हणाली. आईला तिकडे दोन मुलं आहेत, धाकटा पाच वर्षांचा. आईने घरात घेतलं, जागा करून दिली. त्यापलीकडे काही सांगितलं नाही.

कपडे पिशवीत भरून झाल्यावर ती खुर्चीत बसली.

"आई त्या दिवसाबद्दल बोलत नाही," ती म्हणाली. "विषय काढला की उठून जाते. तू लिहून दे. ती काय म्हणाली, तू काय म्हणालीस. सगळं. मला बरं वाटावं म्हणून काही घालू नकोस."

मावशीने वही ओढली. लिहायला तास लागला. भाची तोवर हलली नाही, फोन काढला नाही, चहा केला नाही. चार पानं भरली. बहीण कुठली साडी नेसली होती, ती किती वेळ उभी होती, तिने पाणी मागितलं आणि आपण ते दिलं नाही, हेही त्यात होतं. तू मला कधीच आई म्हणाली नाहीस, हेही.

भाचीने उभ्या उभ्या वाचलं. एकदा मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग पानं नीट दुमडून पिशवीत कपड्यांखाली ठेवली.

"गळ्याचं दुखतं अजून?" तिने विचारलं.

मावशीने मान हलवली, थोडं.

"पुन्हा येईन की नाही ते आत्ता सांगत नाही," भाची म्हणाली. तिने पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि दार हळू ओढून घेतलं.