फोरमनकाका शेल बांधतात

फोरमनकाकांना तयार काहीच चालत नसे. मसाला घरी कुटलेला, चप्पल समोर बसून शिवून घेतलेली, आणि देव तर मुळातच बाद, कारण तो कारखान्यातल्या कुठल्या शॉपमध्ये बनला याचा पत्ता लागत नाही. भिलाईच्या प्लांटमधून रिटायर झाल्यावर त्यांनी मोबाइलसाठी शेल बांधायला घेतला, तोही सोर्सपासून, म्हणजे मूळ कोडपासून. शेल म्हणजे तो काळा पडदा, ज्यावर आपण हुकूम टाइप करायचे आणि यंत्रानं निमूट ऐकायचं. कंट्रोल रूममध्ये शेवटची काही वर्षं त्यांनी तसाच वापरला होता. मी शेजारीण, त्यात कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी. शेल तयार आणि फुकट मिळतो, असं मी सांगून पाहिलं.

"तयार माल घ्याले मी काय शोरूमवाला आहो?" काका म्हणाले.

खरं प्रकरण वेगळं होतं. मुलीनं नागपूरला स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा ड्यूटी आहे म्हणून काका गेले नव्हते. त्यानंतर फोनवर दोघं जेवण झालं का आणि ऊन किती, यापलीकडे जात नसत. काकांना तिची माफी मागायची होती, आणि तीही लेखी, स्वतः बांधलेल्या शेलमधून. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते.

"चूक झाली का लॉगबुकात ज्याची त्यानंच लिहायची असते. तुह्या हातानं लिहून काय फायदा?"

पण घट्टे पडलेली त्यांची बोटं टचस्क्रीन ओळखतच नसे. मग जामुलच्या भंगारवाल्याकडून एक जुना कीबोर्ड बसमध्ये मांडीवर घेऊन आले आणि फोनला जोडला. आता साधा मेसेजही लिहिता आला असता. "पहिले शेल," काका म्हणाले.

रोज सकाळी ते सेफ्टी शूज घालून फोनसमोर बसत. काकू मला विचारायच्या, "यायच्या फोनमंदी कोन्तं लोखंड वितळून राह्यलं वं?" वितळत काहीच नव्हतं. कंपायलर प्रोग्रॅम बनवी आणि फोन तो चालवायला नकार देई. रोज तोच एरर.

कारण मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. काकांनी सगळा सोर्स मेमरी कार्डवर ठेवला होता, आणि फोन कार्डावरून कुठलाही प्रोग्रॅम चालू देत नाही. तो पसारा फोनच्या आतल्या जागेत हलवला की काम फत्ते. मी एकदा आडून सुचवलं.

"कच्चा माल यार्डातच राह्यते. शॉपमंदी ढीग लावला तर इनचार्ज कान धरते."

मी पुन्हा बोलले नाही. काकूंचे पोहे फर्मास असत, काकांचे किस्से त्याहून, आणि माझ्या घरी मला बोलायला कुणी नव्हतं. एरर आला की काका वैतागल्याचं सोंग करत, पण चेहरा शाळेला सुट्टी लागलेल्या पोराचा. माफी आणखी एक दिवस लांबली, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

असे आठ महिने गेले. एकदा कप विसळता विसळता काकू म्हणाल्या, "पोरगी विचारते, बाबा माह्याशी धड बोलत कावून नाही? काय सांगू?" मला शरम वाटली. दुसऱ्या दिवशी काका आंघोळीला गेले तेव्हा मी सोर्सचा पसारा कार्डावरून आत हलवला.

त्या दिवशी प्रोग्रॅम बांधणारा 'मेक' हुकूम एररवर अडलाच नाही. फोन तापला, काकांनी त्याच्यावर टेबलफॅन सोडला. तासाभरानं शेल उघडला आणि हुकुमाची वाट पाहत बसला. काका आनंदले नाहीत.

"तुले कोनं सांगतलं होतं हात लावाले?" ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. मग मला स्वयंपाकघरात पिटाळलं. बाहेर बराच वेळ कीबोर्डची एकेक कळ वाजत होती.

काय लिहिलं ते मला मुलीनं नंतर दाखवलं. "तुह्या लग्नाच्या दिवशी मले ड्यूटी नव्हती. खोटं बोललो. माफ कर. बाबा."

ती त्याच आठवड्यात आली, मग दर रविवारी येत राहिली. काका तिला तासन्‌तास शेल दाखवत, आणि तीही बिचारी न कंटाळता पाहत असे. अडीच महिन्यांनी एका सकाळी काकांच्या छातीत कळ आली आणि ते गेले. मी आठवडाभर कॉलेजला गेले नाही.

मुलगी अजून काकूंकडे येते. आली की माझा हात धरून म्हणते, "ताई, तुमच्यामुळे मले बाबा भेटले." तिला अडीच महिने मिळाले, मला आठ. एररचं कारण मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.