खाचेतलं कुंकू

खंडेनवमीला आमची सौ. स्कूटरला हळदकुंकू वाहायला निघाली की मी कापसाचा बोळा घेऊन तिच्या मागोमाग जातो. मुलगी म्हणते, "बाबा, निवृत्त झालात ना? आता आईवर पाळत ठेवताय काय?" मी हसण्यावारी नेतो. पण दरवर्षी त्या दिवशी ते प्रकरण डोळ्यांपुढे उभं राहतं. माझ्या नोकरीच्या अगदी अखेरचं, म्हणजे फार जुनं नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही.

रत्नागिरीहून आरे-वारेच्या बाजूला जाताना सडा, म्हणजे कातळाचं पठार, जिथे संपतं, तिथे जांभ्याचे कडे सरळ समुद्रात उतरतात. अशाच एका कड्यावर एका गृहस्थाने पर्यटकांसाठी शिबिर चालवलं होतं. दोराला बांधून खाली उतरायचं, फोटो काढायचे, वर येऊन मासे-भात जेवायचं. तिथे शिकवायला असलेला एक तरुण एका सकाळी कड्यावरून पडला. पाहुणे सगळे सुखरूप उतरले होते. सर्वात मागून उतरणारा तो एकटाच राहिला होता. ओहोटीची वेळ, खालचे खडक उघडे. त्याहून जास्त वर्णन करण्याची माझी इच्छा नाही.

ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली आणि पंचनाम्याला मी गेलो. मला उंचीची भीती वाटते, हे खात्याला शेवटपर्यंत कळलं नाही. कड्याची कड मी पालथा पडून पाहिली आणि पंचांना गंभीरपणे सांगितलं, बारकाईने बघायचं तर असंच बघावं लागतं. बिचारे दोघेही माझ्या शेजारी पालथे पडले.

दोर शाबूत होता. कमरेचा पट्टाही शाबूत. या दोघांना जोडणारी कडी तेवढी फाकून तुटली होती. गिर्यारोहक तिला कॅराबिनर म्हणतात. लांबट आकाराची, एका बाजूला स्प्रिंगवर उघडमीट करणारं दार, त्याला ते गेट म्हणतात. आमच्या हवालदाराने पंचनाम्यात 'लोखंडी कडी, गंजलेली' असं लिहिलं. बंदरावरच्या होड्यांच्या कड्या बघण्यात ज्याचा जन्म गेला, तो दुसरं काय लिहिणार? मी खाली सही ठोकली. मुद्देमाल सीलबंद झाला.

शिबिराच्या मालकाने जबाब दिला तो असा: "साहेब, आमचं सामान नवं कोरं आहे, बघून घ्या. ही कडी त्याची स्वतःची. मुंबईत जुन्या बाजारात मिळाली म्हणून मिरवायचा. मी बजावलं होतं, वापरू नकोस म्हणून." त्याने नवं सामान मांडून दाखवलं. बाकीच्या शिकवणाऱ्यांनी माना डोलावल्या. फक्त बोलताना त्यांची नजर माझ्याकडे नव्हती, स्वतःच्या चपलांकडे होती. माणूस खोटं बोलताना चपला बघतो, असा काही नियम नाही. पण मी तेवढं लक्षात ठेवलं.

मुलगा पालीजवळच्या एका बौद्धवाडीतला. वडील मुंबईत नोकरीला, आई गावी. अंत्यविधी आटोपून वडील कामावर परतले होते. मी गेलो तेव्हा आई ओट्यावर बसली होती. ती रडली नाही. म्हणाली, "साहेब, सगळे सांगतात, पोरगा भंगार घेऊन मिरवायला गेला नि मेला. त्याचा बाप रोज फोन करतो. दुसरं काय विचारीत नाय. 'खरंच त्यानं आणलं होतं काय गं?' एवढंच. मी काय सांगू त्याला?"

कागदोपत्री प्रकरण मिटत आलं होतं. स्वतःच्या हयगयीने मृत्यू, असा शेरा पडला की फाइल बंद. मग त्या बापाला आयुष्यभर तोच शेरा वाचत बसायचं.

अशातच ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. "साहेब, तुम्ही भिंत बघितलात काय?"

"कसली भिंत? कोण बोलतंय?"

"कोण ते सोडा वो. मालकाच्या खोलीतली भिंत बघा." फोन बंद. मागे फोडणीचा आवाज आला होता, त्यावरून फोन शिबिराच्या स्वयंपाकघरातून आला हे मी ओळखलं. पण ती बाई कोण हे मी कधीच नोंदवलं नाही.

मी गेलो. मालकाच्या खोलीत एका भिंतीवर जुन्या मेखा, बर्फावरची कुऱ्हाड, तागाचा दोर आणि कड्या टांगल्या होत्या. "माझ्या काकांच्या आठवणी," मालक म्हणाला. "मोठे गिर्यारोहक होते. आता शोभेलाच." कुठे खिळा रिकामा नव्हता, सगळं सारख्या अंतरावर. मी चहा प्यालो, भिंत बघितली आणि आलो तसा परत आलो. असले पराक्रम आठवणींच्या पुस्तकांत सहसा येत नाहीत.

मात्र एक शहाणपण सुचलं. कडी मी एका ज्येष्ठ गिर्यारोहक बाईंकडे तपासायला नेली. उभं आयुष्य डोंगरात घालवलेल्या, आता गुडघे धरून बसलेल्या. गुडघ्यांच्या विषयावर आमचं लगेच जमलं. त्यांनी कडी भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, "ही जुनी आहे. किती जुनी तेही सांगते. इथे ठसा बघा, पश्चिम जर्मनी. तो देशच आता नाही. आणि किती भार पेलेल तो आकडा किलोत आहे. आजच्या कड्यांवर किलोन्यूटन असतं. तो पडलेला मुलगा जन्मायच्या कितीतरी आधीची ही."

माझा चेहरा पडला. म्हणजे मालक बोलला तेच खरं. नव्या सामानातली ही नव्हेच.

"आणि लोखंडी कोणी लिहिलं हो?" त्यांनी विचारलं. "ही ॲल्युमिनियमची आहे."

"मग हा लाल गंज?"

"ॲल्युमिनियमला लाल गंज चढतो का, साहेब? पोलिसात शास्त्र शिकवत नाहीत वाटतं." त्यांनी गेटच्या खाचेत टाचणी घातली आणि पांढऱ्या कागदावर टकटक केलं. लाल, तेलकट कण पडले. "याच्यामुळे गेट पूर्ण मिटत नव्हतं. गेट उघडं राहिलं की कडीची निम्मी ताकदही उरत नाही. पण हे आहे काय, ते मला कळत नाही."

मला कळलं. आमच्या ठाण्यात दसऱ्याला शस्त्रपूजा होते. दरवर्षी शस्त्रागाराचा अंमलदार कापूस घेऊन सगळ्यांच्या मागे ओरडत फिरायचा, "साहेब, वरून लावा, खाचेत नको! तेल-कुंकू बसलं की खटका अडकतो!" सर्वात जास्त ओरडा मीच खाल्लेला.

पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही कुंकू, हळद आणि तेलच आलं. पण अहवालाची वाट न बघता मी पुन्हा पालीकडे गेलो आणि आईला एवढंच विचारलं, "तुमच्याकडे दसऱ्याला हत्यारांना कुंकू लावता?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. "नाय वो. माझ्या सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हापासून नाय. कोयतीला नाय, नांगराला नाय. का?"

"सांगतो," म्हटलं, आणि निघालो.

मालकाला चौकशीला ठाण्यात बोलावलं. कडीचं नावही काढलं नाही. आरोपी म्हणून माणूस तोंड मिटतो, पुतण्या म्हणून उघडतो. चहा मागवला, काकांचा विषय काढला.

"काका शिस्तीचे असणार."

"शिस्तीचे म्हणजे! सामानावर जीव त्यांचा."

"मग दसऱ्याला पूजा वगैरे?"

"दरवर्षी! ते गेल्यावरसुद्धा मी एक खंडेनवमी चुकवली नाही, साहेब. पाटावर सगळं मांडतो, तेलाचा हात देतो, हळदकुंकू, झेंडूची फुलं."

"वा. फोटो असेल की एखादा."

त्याने अभिमानाने फोन पुढे केला. मी फोटो मोठा केला. पाटाच्या कडेला एक लांबट कडी होती, पाठीवर तिरका चरा असलेली. टेबलाचा खण उघडून मी मुद्देमालाची पिशवी फोनच्या शेजारी ठेवली. आतल्या कडीच्या पाठीवर तोच तिरका चरा.

त्याने फोन मागे ओढून घेतला. मग म्हणाला, "त्या दिवशी माणसं जास्त आली. नव्या कड्या सगळ्या पाहुण्यांना दिल्या. तो म्हणाला, 'मला नाय उरली.' मीच भिंतीवरची काढून दिली." मग खालच्या आवाजात, "काकांची होती, साहेब. पूजेतली. ती दगा देईल असं मनात आलं नाही."

हे मात्र तो खरं बोलत होता. त्यानंतर त्याने बाकीच्या कड्या सरकवून, उरलेला खिळा उपटून रिकामी जागा लपवली आणि मेलेल्या पोराच्या माथ्यावर भंगार मारलं, हेही तितकंच खरं. गुन्हा दाखल झाला, अटक झाली. शिकवणाऱ्यांनीही मग जबाब बदलले.

मी आईला सांगायला गेलो. सगळं ऐकून तिने विचारलं, "म्हणजे त्यानं आणलेली नव्हती."

"नव्हती. त्याने नवी मागितली होती."

तिने पदराला हात पुसले आणि मुंबईला फोन लावला. पलीकडून आवाज आल्यावर एवढंच म्हणाली, "अवो, आपल्या पोराची नव्हती ती." तिने फोन ठेवला नाही. दोघं तशीच फोन धरून राहिली. मी चपला घालून खाली उतरलो.

वस्तू किती जुनी आहे, हे जाणकार सांगू शकतात. ती कुणाच्या घरात जुनी झाली, हे मात्र पोलिसाला दारोदार जाऊनच विचारावं लागतं. मी एवढंच शिकलो. आणि कुंकवाबद्दल म्हणाल, तर सौ.ला मी आजवर अडवलेलं नाही. तिने वाहावं, हात जोडावेत. ती आत गेली की मी ब्रेकच्या खाचेतलं पुसून घेतो, आणि ब्रेक दोनदा दाबून बघतो.