मीटरबाईंच्या गवतातलं गोल टक्कल

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. मीटरबाई अंगणात गुडघे टेकून गवतात टेप लावून बसल्या आहेत. दुसऱ्या ठोंबाच्या मधला मेलेला भाग सव्वा फूट भरतो. गेल्या महिन्यात तो फूटभर होता. त्या आकडा वहीत टिपतात आणि समोरच्या घराच्या खिडकीकडे बघतात. तिथे भावजय चहाचं आधण ठेवते आहे. वहीत आणखी एक ओळ पडते : ६.१२, पाणी उकळत आहे.

मीटरबाई हे नाव गल्लीनं दिलं. एकतीस वर्षं त्या वीज कंपनीच्या तपासणी पथकात होत्या. घरोघरी जाऊन मीटरमधली चोरी पकडायची, हे काम. आता निवृत्त आहेत, पण नजर अजून कामावर जाते. त्यांचा एक ठोकताळा होता. मीटरच्या पेटीला वाकडातिकडा तडा गेलेला दिसला की त्या पुढे जायच्या. ऊन, वय, काहीही कारण असू शकतं. पण नीट गोल भोक दिसलं की तिथेच थांबायच्या. गोल भोक आपोआप पडत नाही, ते माणूस पाडतो. या ठोकताळ्यावर त्यांनी शेकडो चोऱ्या पकडल्या. त्यात एक सख्ख्या आत्याची होती. आत्या त्यानंतर बोलली नाही.

वडिलांनी एका अंगणात समोरासमोर दोन घरं बांधली होती. एकात मीटरबाई एकट्या राहतात, दुसऱ्यात धाकटा भाऊ आणि भावजय. दोन्ही घरांच्या मध्ये शोभेच्या गवताचे चार ठोंब एका रांगेत आहेत. ते नऊ वर्षांपूर्वी बाईंनी लावले. कमरेएवढी, कारंज्यासारखी चारी बाजूंना वाकलेली पाती आणि वर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे गुलाबी तुरे. रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघतो, आणि थांबला की बाई त्याला बघतात. दरवर्षी थंडी संपताना त्या दोरी लावून सगळं गवत वीतभर उंचीवर कापतात. मग नवी पाती फुटतात.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या ठोंबाला नवी पाती फुटली ती फक्त कडेनं. मधे ताटलीएवढा भाग राखाडी, कोरडा. आणि गोल. बाईंच्या मनात पाल चुकचुकली. आदल्याच आठवड्यात भावजय म्हणाली होती, "ताई, या झुडपात एखादं जनावर शिरलं तर कळायचं पण नाही हो." पुढच्या वर्षी दुसरा ठोंब गेला, यंदा उरलेले दोन. सगळे मधूनच, सगळे गोल. उकळतं पाणी वरून ओतलं तर असंच होईल, असं बाईंनी ठरवलं. प्रयोग म्हणून त्यांनी कुंपणाजवळच्या तणावर किटली रिकामी केली. तण गोलच मेलं.

मग पुराव्याचं काम सुरू झालं. ठोंबांभोवती पीठ भुरभुरलं, पावलांचे ठसे उमटावेत म्हणून. ते मुंग्यांनी नेलं. मग काळा दोरा ताणून बांधला. तिसऱ्या दिवशी तो तुटला.

"ताई, तो मी तोडला," भाऊ आपणहून म्हणाला. "पायात अडकला. पडलो असतो की नाही तोंडावर?"

बाईंनी वहीत लिहिलं : इतक्या लवकर कबुली. कोणाला तरी वाचवतोय.

या महिन्यात त्यांनी अंगणाच्या मधोमध पाच फुटांची भिंत घालायचं ठरवलं. आज गवंडी चुन्याची फक्की मारून आखणी करणार, उद्या पाया खणणार. भिंतीचा अर्थ तिघांनाही ठाऊक आहे. भावाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे. रोज संध्याकाळी पाचला तो काठी टेकत अकरा पावलं चालून बहिणीकडे चहाला येतो. भिंत झाली की त्याला मागच्या गल्लीनं, चढ चढून, चारशे बारा पावलं यावं लागेल. हे अंतर बाईंनी स्वतः मोजलं आहे. तो येणार नाही, हेही त्यांना कळतं. दोघं बहीणभाऊ दुसरं कुठे भेटत नाहीत.

नऊ वाजता गवंडी आला. त्यानं खुंटी ठोकली, सुतळी ताणली आणि डोकं खाजवलं.

"बाई, सुतळी गवतावरनं जातेय. ही चार झाडं काढावी लागतील."

"झाडं नाहीत ती. आणि काढायची नाहीत. फूटभर पलीकडे घ्या."

"पलीकडे म्हणजे आमच्या बाजूला!" भावजय पायरीवरून म्हणाली. ओला हात पदराला पुसत ती अंगणात उतरली. "भिंत तुमची, गवत तुमचं, आणि जागा आमची. वा ताई!"

"गवत कोणी मारलं, ते आधी बोल."

गवंड्यानं सुतळीचं टोक हातातच धरून ठेवलं. हे ऐकायला मिळेल, असं त्याला सांगितलेलं नव्हतं.

"मी? मी मारलं?" भावजय म्हणाली. "तीन वर्षं मला वाटतंय, ताई माझ्या खिडकीत टक लावून काय बघतात. मला वाटायचं, मी दुधात पाणी घालते का ते बघत असतील."

"सहा बाराला तुझं पाणी उकळतं. रोज."

"मग काय गार पाण्याचा चहा करू? अहो, ऐकलंत का? तुमच्या बहिणीनं माझ्या चहाची वेळ लिहून ठेवलीये!"

आतून भावाची खुर्ची सरकल्याचा आवाज तेवढा आला.

"बरं, एक सांगा," भावजय पुढे म्हणाली. "तुमच्या गच्चीवर याच गवताची कुंडी आहे ना? हौदाएवढी? तिला कोण घालतं उकळतं पाणी? तिथे तर कुलूप असतं, आणि किल्ली तुमच्या कमरेला. जा, बघून या. मी आहे इथेच."

बाई गेल्या. गच्चीच्या कुलपावर त्या प्रत्येक वेळी सहीची कागदी पट्टी चिकटवतात. परवा पाणी घालून उतरताना लावलेली पट्टी जशीच्या तशी होती. त्यांनी ती उजेडात धरून तपासली, मग फाडली. कुंडीतलं गवत त्या कधी मुळापर्यंत कापत नव्हत्या, त्यामुळे आतलं दिसत नसे. आता दोन्ही हातांनी पाती बाजूला केली. मधे राखाडी, कोरडा भाग होता. टेप लावला. अकरा इंच. गोल.

त्या दहा मिनिटं वरच होत्या. त्यातली पहिली तीन, दुसरी किल्ली कोणाकडे असू शकेल, याचा विचार करण्यात गेली. मग त्यांनी रोपवाटिकावाल्याला फोन लावला.

"किती वर्षांचे ठोंब?" त्यानं विचारलं.

"नऊ."

"मधे एकदाही उपटून फोडले नाहीत?"

"नाही."

"मग मधून मरणारच. नवे फुटवे बाहेरच्या कडेला येतात, जुनं मधलं वाळतं. दर तीन वर्षांनी फोडून वेगळं लावा, असं मी तेव्हाच बोललो होतो."

"तेव्हा मला वाटलं, अर्धे ठोंब तुम्हाला हवेत म्हणून सांगताय."

"हवे होतेच," रोपवाटिकावाला म्हणाला. "पण म्हणून खोटं नव्हतं ते."

बाई खाली आल्या. गवंड्याला म्हणाल्या, "सुतळी गुंडाळा. भिंत राहू दे."

"का राहू दे?" भावजय जागची हलली नव्हती. "काय दिसलं वर?"

"तेच."

"मग मी काय म्हणते, भिंत होऊ दे. आता मला हवी आहे. तीन वर्षं माझ्या चुलीवर पहारा होता, मला सुखानं चहा पिऊ दे."

"चुकलं माझं," असं बाई म्हणाल्या की नाही, याबद्दल दोघींची सांगण्याची तऱ्हा वेगळी आहे. गवंडी म्हणतो, त्याला ऐकू आलं नाही. त्याला भाऊ दारात येऊन उभा राहिलेला मात्र दिसला, काठी न घेता, चौकटीला धरून.

"आणि मी पाच वाजता जायचं कुठनं?" भाऊ म्हणाला. "दोघींनी मिळून सांगा."

शेवटी गवंड्यानंच तोंड उघडलं. भिंतीत दार ठेवता येतं, म्हणाला, लोक ठेवतात. बाईंनी लगेच विचारलं, कडी कोणाच्या बाजूला? भावजय म्हणाली, "आमच्या." बाईंनी सुतळीकडे एकदा बघून होकाराची मान हलवली. दुपारी त्यांनी पहिला ठोंब उपटून करवतीनं चार तुकडे केले. तीन सुतळीच्या अलीकडे, आपल्या बाजूला लावले. चौथा भावजयीच्या पायरीपाशी ठेवला. संध्याकाळपर्यंत तो तिथून हललेला नव्हता. पाच वाजता भाऊ चहाला आला तेव्हा बाईंनी त्याला विचारलं, त्या ठोंबाचं काय करणार आहे ती? तो म्हणाला, त्याला माहीत नाही. बाईंना ते खरं वाटलं नाही.

गवंडी उद्या साडेआठला येणार आहे. पाया अंगणाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खणायचा आहे, मधे दारासाठी अडीच फूट सोडून, आणि कडी भावाच्या बाजूला बसेल.