दोन बोटं कमी मापाचा गणवेश

माझी थोरली बहीण शिवणकाम करते. गिऱ्हाईक उंबरा ओलांडेपर्यंत त्याची छाती-कंबर तिला नजरेनंच कळते. टेप लावायची ती आपली समोरच्याच्या समाधानासाठी. मी तिच्याच खोलीत काजं-बटणं करतो आणि तिची बोलणी खातो. एवढ्या वर्षांत तिचं माप एकदाच चुकलं, तेही तिनं मुद्दाम चुकवलं.

तिची लेक चौदाची होती तेव्हाची गोष्ट. भावजी आधीच गेलेले, खोली एकच. एका भिंतीला मशीन, दुसऱ्या भिंतीला पोरीची गादी, मध्ये चार हात अंतर. पोरगी अभ्यास उरकून रात्री साडेबाराला आडवी व्हायची आणि पहाटे चारला ताई शाळांचे गणवेश घेऊन मशीनवर बसायची. मशीन धडधडलं की पोरगी डोक्यावरून पांघरूण ओढायची. पोरांना काय, कशीही झोप लागते, असं आम्ही दोघंही म्हणायचो.

त्या वर्षी ती अंगानं सुटली. दिवसभर पेंगायची, चिडचिड करायची, संध्याकाळी डबे उघडून हाताला लागेल ते तोंडात टाकायची. "खायचं आणि लोळायचं, दुसरा धंदा काय?" म्हणून ताईनं तिचं ताट निम्म्यावर आणलं. मी तिला ढब्बू म्हणू लागलो. ती हसायची. तिला खरंच हसू येतंय असं मला वाटायचं, असा मी अकलेचा कांदा.

शाळा उघडायच्या आधी ताईनं तिचा गणवेश शिवला, तो गेल्या वर्षीच्या मापानं. वर दोन बोटं आणखी कमी.

"ताई, घट्ट होईल गं," मी म्हटलं.

"होऊ दे. कपडा काचला की येईल ताळ्यावर."

पोरगी पोट आत ओढायची, श्वास धरायची, तेव्हा कुठे कमरेचा हूक लागायचा. महिनाभर ती तशीच वर्गात बसली. मग एकदा फळ्यावर गणित सोडवताना पाठीची शिवण कमरेपर्यंत उसवली. वर्ग हसला, आणि ही भोवळ येऊन तिथंच कोसळली.

डॉक्टरीणबाईंनी ताईला फक्त एवढंच विचारलं, "झोपते किती तास?"

सगळ्या गावाची मापं तोंडपाठ असलेल्या माझ्या बहिणीनं हे माप बोटांवर मोजलं. साडेतीन.

"अहो, या वयाला आठ-नऊ तास लागतात. झोप मोडली की भूक खवळते, वजन वाढतं. तुम्ही ताटातलं काय काढताय?"

रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय! पण हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. खोलीत मीही होतोच की.

पोरीच्या आत्यानं तिला आपल्याकडे नेलं. तिथं ती नऊ तास झोपते म्हणे. वजन थोडं उतरलं, थोडं राहिलं, पण चेहरा उजळला. आईवर राग धरलाय असं वागण्यात कुठं दिसत नाही. फक्त कपडे दुकानातून तयार घेते. ताई दर सुट्टीत म्हणते, "एक ड्रेस शिवते गं तुला." ती म्हणते, "कशाला त्रास, आई?" ताईला हे फार लागतं.

या सुट्टीत एका दुपारी ती जुन्या गादीवर गाढ झोपली होती. ती आली की ताई मशीनवर चादर टाकते, पायसुद्धा वाजवत नाही. मी काजं करत बसलो होतो. ताई टेप घेऊन तिच्याशेजारी गुडघ्यांवर बसली.

"काय करतेस?" मी हळूच विचारलं.

"जागेपणी देत नाही, झोपेत तरी घेते माप. या वेळी सैल शिवते, चांगला ऐसपैस."

तिनं हलक्या हातानं टेप पोरीच्या कमरेवर ठेवली. पोरीचे डोळे मिटलेलेच होते. पण टेप लागताच झोपेतच तिनं पोट आत ओढलं आणि श्वास धरला.

ताईनं झटकन हात मागे घेतला. पोरगी श्वास सोडते कधी, याची वाट बघत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.