सिंगापूरला तिघेच

अमळनेरच्या रविंद्रला कुणाला नाही म्हणता येत नाही असं लोक सांगतात, पण ते अर्धंच खरं. नाही म्हणायची वेळ यायला आधी समोरच्याने काहीतरी मागावं लागतं. रविंद्र त्याआधीच देऊन मोकळा होतो. औषधाच्या दुकानात त्याने डबा उघडला की खोकल्याची बाटली घ्यायला आलेल्यालाही तो "या जेवायला" म्हणतो, आणि नुसतं म्हणत नाही, भाकरी मोडून हातात देतो. मग ठेचा खाऊन ठसका लागलेला तो माणूस आणखी एक बाटली नेतो. यात धंद्याची युक्ती आहे असं कुणी समजू नये. तेवढी अक्कल असती तर दुकान एव्हाना दुमजली झालं असतं.

या स्वभावाचा सगळ्यात जास्त ताप झाला तो त्याच्या बायकोला. लग्नानंतर दोघं तोरणमाळला निघाले, तेव्हा निरोप द्यायला आलेल्या मंडळींना रविंद्रने जीपच्या खिडकीतून "चला ना" म्हटलं. मंडळी चढली. धुळ्याहून नव्यानेच आलेल्या सपनाने तोरणमाळचं तळं मामेसासऱ्यांच्या टोप्यांमधून पाहिलं, आणि ते दुःख तिने पुढे पाच वर्षं पोटात ठेवलं.

मग त्यांच्या चार वर्षांच्या प्रशीलने फोनवर तोंडातून पाणी टाकणारा सिंगापूरचा सिंह पाहिला आणि घर डोक्यावर घेतलं. सपनाने ती शिकवते त्या शाळेत रजा मिळेल का ते विचारलं, जळगावच्या एजंटशी बोलली, चार दिवसांचा बेत ठरवला आणि नवऱ्याला समोर बसवलं.

"मला एकदा फक्त आपण तिघांनी कुठेतरी जायचंय. एकदाच."

रविंद्रला खरंच गलबलून आलं. कुणाला सांगणार नाही, अशी त्याने प्रशीलच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. प्रशीलला वाटलं केस कापायला न्यायचंय, म्हणून तो पळाला.

दुसऱ्या दिवशी दुकानात रविंद्र मुलासाठी औषधं काढत बसला. तापाचं, उलटीचं, कानात घालायचं, डास चावल्यावर लावायचं. एवढा ढीग पाहून गुडघेदुखीचं मलम घ्यायला आलेल्या बन्सीलालने घरात कोण आजारी आहे ते काळजीने विचारलं. आता खोटं कसं बोलायचं? रविंद्रने सिंगापूर सांगितलं, आणि सांगून झाल्यावर जीभ सवयीने पुढे घसरली.

"चाला ना तुमीन बी."

बन्सीलाल जरा थांबला आणि मान डोलावून "येसु" म्हणाला. बन्सीलालला सांगितलं तर शेजारच्या रुपचंद शिंप्याला कसं वगळायचं? परक्यांना बोलावलं तर जन्मदात्या नानांनी काय पाप केलं? नानांना सांगितल्यावर त्यांची थोरली बहीण, म्हणजे लिलाबाई अक्का, राहिलीच. आठवड्याभरात सिंगापूरला निम्मी गल्ली निघाली.

हे सपनाला कळलं ते एजंटच्या फोनवरून. तो बिचारा विचारत होता की साहेबांनी त्यालाही चला म्हटलंय, तर ते खरं धरायचं का.

सपना ओरडली नाही. तेच वाईट झालं. "मग तुम्ही सगळे जा," ती म्हणाली. "मी आणि प्रशील इथेच राहतो. घर रिकामं मिळेल, तेवढीच सहल."

हे मात्र रविंद्रला फार लागलं. जन्मात पहिल्यांदा तो माणसं कमी करायला निघाला. सुरुवात घरापासून, म्हणून नानांसमोर जाऊन उभा राहिला आणि आधी रडायलाच लागला. नानांनी सगळं ऐकून घेतलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

"माले कोठे जानं व्हतं रे? तुले वाईट वाटी म्हनीसन हा म्हनं मी. बठ्ठा तसाच शेतस."

आणि खरंच सगळे तसेच निघाले. बन्सीलालला विमानाच्या विचाराने झोप येत नव्हती. सुटका झाल्यावर रुपचंदने तर आनंदाने प्रशीलला नवी चड्डी शिवून दिली. उरल्या फक्त अक्का. त्या मागच्या गल्लीत एकट्या राहायच्या, आणि सपना शाळेत असली की प्रशील त्यांच्याकडेच असायचा. रविंद्र दोनदा त्यांना सांगायला गेला आणि दोनदा चहा पिऊन परत आला.

"राहू द्या, मीच सांगते," सपना म्हणाली, आणि त्याला बरोबर घेऊन निघाली.

अक्का अंगणात येरझारा घालत होत्या. लुगड्याखाली कोरे पांढरे कॅनव्हासचे बूट. कमरेला प्रशीलने ओढणी आवळून बांधली होती, कारण विमानात पट्टा लागतो. तो बाजेवर उभा राहून हुकूम सोडत होता आणि अक्का ते मुकाट ऐकत होत्या. सपनाला पाहून त्या थांबल्या.

"इमानमा पोऱ्याले झोप लागनी ते मनी मांडीवर ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमीन दोन्ही खिडकीबाहेर देखा."

सपनाने तयार करून आणलेलं वाक्य तोंडातच राहिलं. ती खाली बसली आणि तिने अक्कांच्या बुटाची टाच दाबून पाहिली.

"चावतात का हो, अक्का?"

"थोडा."

"मग मागे कापूस घाला. चार दिवस चालायचंय."

रस्त्याला लागल्यावर रविंद्र सपनाच्या बरोबरीला आला. मग हळूच म्हणाला, "मी काहीच बोललो नाही हं."

"माहीत आहे," सपना म्हणाली. "आता वळसा घालून चला. सरळ गेलं तर बन्सीलालचं घर लागतं."