मागच्या बाजूने उतरा

कवळीबाई हे नाव त्यांना कुणी ठेवलं नव्हतं, त्यांनी स्वतःच घेतलं होतं. इंटरनेटवर प्रवासाच्या गप्पा मारणाऱ्यांचा एक मंच होता आणि तिथं कुणीच खऱ्या नावाने वावरत नसे. एक गृहस्थ ‘एकच बॅग’ होते, एक बाई ‘गुडघेदुखी’. नाव टाकायची वेळ आली तेव्हा या बाई कामावर होत्या, बोटांना गुलाबी मेण चिकटलेलं, दुसरं काही सुचेना. दातांच्या प्रयोगशाळेत त्या कवळ्या बनवत.

मंचावर आल्या त्या गरजेपोटी. मुलगी लग्न होऊन तळ्याकाठच्या एका लहान शहरात राहायला गेली. गाडीत बसलं की आपल्या पोटात ढवळतं, तेव्हा आपल्याला कुणी चल म्हणू नये, असं नवऱ्याने जाहीर करून टाकलं. पन्नाशी आली तरी बाईंनी स्वतःच्या हाताने कधी तिकीट काढलं नव्हतं. त्यांचा मंचावरचा पहिला प्रश्न असा होता: ‘मध्येच गाडी बदलायची असते तेव्हा आपल्याला झोप लागली तर कुणी उठवतं का?’

कुणी हसलं नाही. एकच बॅग यांनी लिहिलं की कुणी उठवत नाही, शेजाऱ्याला आधी सांगून ठेवावं, आणि शेजारीच झोपाळू दिसला तर दुसरा शेजारी गाठावा. गुडघेदुखीने बॅगेला साखळी कशी घालायची ते समजावलं. मंचाचा एक रिवाज होता. ज्याने विचारलं त्याने जाऊन आल्यावर परत यायचं आणि काय कामाला आलं, काय फसलं ते लिहायचं. बाईंनी लिहिलं: बॅग फार मोठी घेतली, पाणी कमी पडलं आणि दुसरा शेजारीसुद्धा झोपला. लोक खूश झाले. पुढच्या खेपेला त्यांनी कमी विचारलं, त्याच्या पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं. शाळा सुटून इतकी वर्षं झाल्यावर आपण काही शिकतो आहोत, याची त्यांना गंमत वाटे. घरी मात्र त्या याबद्दल बोलत नसत.

तळ्याकाठच्या त्या शहराचा विषय निघाला की मंच आपोआप बाईंकडे वळे. त्यांचं उत्तर ठरलेलं असे. स्टेशनच्या मागच्या बाजूने उतरा, समोर गर्दी असते. मागच्या रस्त्याने सरळ गेलात की तळं, आणि तळ्याला वळसा घातला की लॉजची गल्ली. लोक जात, परत येऊन आभार मानत. कुणी कुणी ‘रस्ता जरा खडबडीत’ असंही लिहून जाई. बाई ते वाचत आणि विसरत.

मग ‘निळी छत्री’ नावाचं कुणी नवीन माणूस आलं. त्याने लिहिलं, ‘मागून मुळीच जाऊ नये. सगळी खडी आहे, माझ्या बॅगेचं चाक गेलं. लॉजची गल्ली समोरच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे.’

मंच तुटून पडला. ‘अहो, बाईंची मुलगी तिथं राहते, तुम्ही एकदा गेलात.’ ‘चाकच तकलादू असेल.’ बाईंनाही राहवलं नाही. ‘मी नऊ वर्षं त्या दाराने ये-जा केली आहे,’ त्यांनी लिहिलं, ‘माझ्या बॅगेला काही झालं नाही.’

निळ्या छत्रीचा एकच प्रश्न आला: ‘शेवटचं कधी गेला होतात?’ त्यानंतर ते माणूस पुन्हा फिरकलं नाही.

प्रश्न वर्मी बसला. जावयाची नोकरी बदलली होती आणि मुलगी ते शहर सोडून गेली, त्यालाही आता अडीच वर्षं होत आली होती. मंचावर प्रत्येक उत्तराखाली शेवटच्या भेटीची तारीख असे. ती दोन वर्षांहून जुनी झाली की खाली एक करडी ओळ आपोआप उमटे, ‘ही माहिती जुनी असू शकते.’ बाईंच्या सगळ्या उत्तरांखाली ती ओळ लागलेली होती. रागाच्या भरात लिहिलेल्या उत्तराखालीसुद्धा. एखाद्याला मंचावरून घालवून द्यायचं आणि स्वतःकडे मात्र शिळी तारीख, हे त्यांच्या मनाला खात राहिलं. आपलं खरं आहे हे तिथं जाऊन बघायचं, आणि मग त्या माणसाला काय ते उत्तर द्यायचं, असं त्यांनी ठरवलं.

‘‘तिथं आता कोण आहे आपलं?’’ नवऱ्याने विचारलं.

‘‘कुणी नाही.’’

‘‘मग कशाला निघालीस?’’

‘‘रस्ता बघायला.’’

‘‘रस्ता? अगं, आपल्या दारासमोरचा बघ की! तो पार उखडलाय. भाडंसुद्धा पडायचं नाही.’’

‘‘तुमचं पोट सांभाळा,’’ बाई म्हणाल्या आणि बॅग भरायला लागल्या.

स्टेशनच्या मागच्या बाजूने त्या उतरल्या, आणि सवयीने तिथंच उभ्या राहिल्या. जावयाची पांढरी गाडी कुठं दिसत नाही हे लक्षात यायला जरा वेळ लागला. मग त्यांनी बॅग ओढायला सुरुवात केली. खडी होती. चांगली बोटाएवढी, टोकदार. भिंतीच्या वळणापाशी काहीतरी कडकन मोडलं आणि बॅग एका अंगावर कलली.

वळणावरच पत्र्याच्या आडोशाखाली एक माणूस बसला होता. मागे पाटी होती, ‘बॅगांची चाकं बसवून मिळतील.’

‘‘या मावशी. डावं की उजवं?’’

‘‘काय?’’

‘‘चाक हो. इकडून येणाऱ्याचं एक तरी जातंच.’’

त्याने बॅग आडवी केली आणि पेटीतून नेमकं तेवढंच चाक काढलं. बाईंनी विचारलं, ‘‘पूर्वी इथं नव्हतात तुम्ही?’’

‘‘समोर बसायचो. चपला शिवायचो. मग बघतो तर काय, चांगलं समोरचं दार टाकून ही मंडळी इकडून निघतायत, खडखडखडखड! एकाला म्हटलं, बाबा रे, का? तर म्हणाला, कुणी बाई सांगते कॉम्प्युटरवर.’’ तो हसला. ‘‘डोकं ठिकाणावर नसेल तिचं. पण माझ्यावर उपकार आहेत.’’

‘‘तिला कुणी सांगत कसं नाही?’’

‘‘मी म्हणतो ना लोकांना, सांगा तिला. तर म्हणतात, जाऊ द्या, भली बाई आहे, वाईट वाटेल. मग मी तरी कशाला जोर करू? माझं चालतंय.’’

‘‘खडी नवीन आहे का?’’ बाईंनी शेवटची आशा धरून विचारलं.

‘‘माझ्यापेक्षा म्हातारी आहे.’’

बाईंनी बाजूला जाऊन मुलीला फोन लावला. ‘‘काय गं, आपण स्टेशनच्या मागूनच का निघायचो?’’

‘‘समोर गाडी उभी करू देत नाहीत, म्हणून. का गं आई?’’

‘‘आणि माझी बॅग?’’

‘‘बॅग हे उचलून डिकीत टाकायचे की. तू कुठं आहेस?’’

‘‘आहे इथंच,’’ बाई म्हणाल्या.

त्यांनी दुरुस्तीवाल्याचा नंबर घेतला, आपला त्याला दिला आणि परत स्टेशनात शिरून पलीकडे समोरच्या दाराशी आल्या. गर्दी होती, पण अंगावर येईल अशी नव्हती. पलीकडे लॉजच्या पाट्या दिसत होत्या. निळ्या छत्रीने लिहिलं होतं तसं, हाकेच्या अंतरावर.

सकाळी लॉजच्या खिडकीपाशी त्या फोन हातात घेऊन बसल्या. काही लिहिलं नाही तरी चालणार होतं. कुणी विचारायला येणार नव्हतं, आणि नवी तारीख टाकली की करडी ओळ गेलीच असती. त्यांच्या प्रयोगशाळेत कधी कधी कवळी परत येई, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, ‘डावीकडे टोचते.’ बाई ती घासून देत. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नव्हता. पण टोचत असून जे बोलत नाहीत, त्यांची कवळी कपाटात वाटीत पडून राहते आणि ते गप्प बसून मऊ खातात, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी लिहिलं, ‘काल जाऊन पाहिलं. मागच्या बाजूने उतरू नका. निळी छत्री यांचं बरोबर आहे, आणि मी त्यांना नको तसं बोलले. मी नऊ वर्षं जावयाच्या गाडीतून रस्ता बघितला आणि तुम्हाला पायी सांगितला. माझंही चाक गेलं. चाक बसवणारा मात्र चांगला आहे.’

दुपारपर्यंत कुणाचं काही आलं नाही. बाईंना वाटलं, संपलं आपलं इथलं. मग गुडघेदुखीने लिहिलं, ‘माझंही चाक तिथंच गेलं होतं. मला वाटलं, मलाच ओढता येत नाही.’ पाठोपाठ आणखी दोघांनी तेच लिहिलं. एकच बॅग म्हणाले, ‘मी डोक्यावर घेऊन गेलो. नावच असं घेतलंय, तक्रार कोणत्या तोंडाने करणार?’

निळी छत्री मात्र आली नाही. बाई घरी परतल्या, कामाला लागल्या. रोज एकदा बघत. बऱ्याच दिवसांनी ते नाव दिसलं. माफीबद्दल एक अक्षर नव्हतं, फक्त प्रश्न होता: ‘समोरच्या दाराच्या पायऱ्यांना कठडा आहे का? आईला घेऊन जायचं आहे.’

बाईंनी डोळे मिटून पायऱ्या आठवून पाहिल्या. पायऱ्या आठवल्या, कठडा आठवेना. पूर्वीच्या बाईंनी ‘असणारच’ असं ठोकून दिलं असतं. त्यांनी लिहिलं, ‘बघितलं नाही. विचारून सांगते.’

त्यांनी नंबर फिरवला.

‘‘हां मावशी!’’ दुरुस्तीवाला म्हणाला. ‘‘मागे गिऱ्हाईक आटलं हो. त्या बाईने काय सांगितलं देव जाणे. पुन्हा समोर येऊन बसलोय, पायऱ्यांपाशीच.’’

‘‘बरं झालं,’’ बाई जरा घुटमळून म्हणाल्या. ‘‘ती बाई मीच. तुमचं नुकसान केलं मी.’’

मग तो म्हणाला, ‘‘तरी म्हटलं, खडीची इतकी चौकशी कोण करतं! असू द्या. चपला तुटतातच. काय काम काढलंत?’’

‘‘पायऱ्यांना कठडा आहे का ते बघा. म्हाताऱ्या बाईला धरता येईल असा.’’

‘‘थांबा, हात लावूनच सांगतो,’’ तो म्हणाला, आणि फोनवर त्याच्या चपलांचा आवाज येऊ लागला.

‘‘कुणाशी बोलतेस एवढं?’’ नवऱ्याने आतून येत विचारलं. ‘‘तिथं आता कोण आहे आपलं?’’

‘‘बॅगवाला,’’ बाई म्हणाल्या आणि त्याला गप्प राहायची खूण केली.