चाखलेलं बी

माझ्या सासूबाई बियांच्या बाबतीत कंजूष आहेत, असं सायखेड्यात आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका म्हणायच्या. भाजी मागितली तर त्या टोपलीभर द्यायच्या, पण बी मागितलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "पुढच्या साली ये." लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे ऐकत होते आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलेलं होतं.

त्या गेल्या, त्याला आता चार वर्षं होतील. आम्ही नाशिकला द्वारकेजवळ राहतो. मी एका शाळेत क्लार्क आहे आणि नवऱ्याची नोकरी फिरतीची. सासऱ्यांना आम्ही दादा म्हणतो. सासूबाईंच्या नंतर दादांनी आमच्याकडे यावं म्हणून खूप विनवलं, पण ते सायखेडा सोडायला तयार नव्हते. शेवटी असं ठरलं की दर रविवारी मी जायचं, आठवड्याचं वाणसामान द्यायचं, घर झाडून-पुसून यायचं. बाकीचे दिवस शेजारची पुतणसून त्यांचं जेवणखाण बघायची.

शेती भाऊबंद करतात. घरामागे नदीच्या अंगाला चार-पाच गुंठ्यांचं परसू आहे, तेवढं सासूबाईंनी स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांचं दिवसकार्य आटोपल्यावर मी फडताळ आवरत होते, तेव्हा मागच्या बाजूला एक स्टीलचा डबा सापडला. उघडला तर आत जुन्या लुगड्याच्या चिंध्यांच्या पुरचुंड्या होत्या आणि प्रत्येकीत राख लावलेलं बी. वाल, घेवडा, गिलकं, अंबाडी ओळखता आली. दुधी भोपळ्याचं बी तर सगळ्यात जास्त होतं. तो दुधी त्यांच्या माहेरचा, येवल्याकडचा. बुटकी मान, मोठं पोट, फिकट रंग. पाण्याची ओढ पडली तरी तग धरणारा.

मी डबा दादांसमोर ठेवला.

"यातलं कोणतं कधी लावायचं, दादा?"

"मला काय ठाव? मी जन्मभर कांदा केला. हे समदं तिचं."

त्या दिवसांत दादा जवळपास बोलतच नसत. जेवण झालं का विचारलं तर मान हलवायचे. मला सुचेल ते मी केलं. रविवारी गेले की एकेक पुरचुंडी सोडायची आणि दोघांनी मिळून ते बी लावायचं. चुकलं तर चुकलं. पहिल्या खेपेला आम्ही अंबाडी इतकी दाट टाकली की उपटता उपटता हात दुखून आले. पण त्या आठवड्यात, बुधवारी दुपारी, शाळेत माझा फोन वाजला. दादांनी मला फोन करायची ती पहिली वेळ. मी घाबरूनच उचलला.

"उगवलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

मग तसे फोन येत राहिले. कधी "घेवडा फुलला", कधी "माकडं आली होती". माणूस हळूहळू बोलायला लागला.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यातला दुधी फार छान आला. पाच भोपळे आम्ही बियांसाठी वेलावरच वाळू दिले. पुढे ते पडवीत टांगले. हलवला की आतलं बी खुळखुळायचं. फोडले तेव्हा परातभर बी निघालं आणि मला वाटलं, आता गल्लीतली ती जुनी तक्रार आपण मिटवून टाकू. घरी जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडलेला होता. त्या कापून, चिकटवून मी पाकिटं केली. संक्रांतीला हळदीकुंकू केलं आणि प्लॅस्टिकच्या डब्या वाटण्याऐवजी वाण म्हणून बी दिलं. गल्लीत दिलं, बचत गटातल्या बायकांना दिलं, आमच्या बिल्डिंगमध्ये दिलं, शाळेतही दिलं. बायका खूश झाल्या. एक जण तर म्हणाली, "सासूपेक्षा सुनेचा हात मोठा." मला ते ऐकून बरं वाटलं. ते आठवलं की अजून लाज वाटते.

आमच्या शाळेत एक सेविका आहेत, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांच्या घराला जिना आणि वर गच्ची आहे. त्यांनी गच्चीत गोणीत माती भरून दुधीचा वेल वर चढवला होता. फूल आलं, फळ धरलं की मला मोबाइलवर फोटो दाखवायच्या. त्यांच्या नवऱ्याला साखरेचा त्रास. कोणीतरी सांगितलं म्हणून तो रोज सकाळी दुधीचा रस प्यायचा. घरच्या वेलाचा भोपळा निघणार म्हणून त्याला कोण आनंद झाला होता.

एप्रिलमध्ये परीक्षा चालू असताना मावशी अचानक दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"मॅडम, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. रस प्यायला आणि अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. उलटीतून रक्त पडलं. डॉक्टर म्हणाले, दुधी कडू होता का? हे म्हणाले, कडू होता, पण मला वाटलं औषध कडूच असतं."

मी तशीच दवाखान्यात गेले. मावशींच्या नवऱ्याच्या हाताला सलाईन होतं, चेहरा कागदासारखा पांढरा. डॉक्टरांनी सांगितलं, धोका टळला आहे, पण कडू दुधी विषासारखा असतो, तोंडाला कडू लागला की थुंकून टाकायचा. मी मावशींना म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"तुम्ही काय मुद्दाम दिलं का?" त्या म्हणाल्या. पण माझ्याकडे बघून नाही, सलाईनच्या बाटलीकडे बघून म्हणाल्या.

दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या मी दादांना फोन केला. आमच्या परसातही त्याच बियांचे पाच वेल होते आणि भाजीजोगी फळं आली होती. "आपला दुधी खाऊ नका," एवढंच सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून बसने गेले. सुरी घेऊन आम्ही प्रत्येक वेलाच्या फळाची चकती कापली. जिभेला लावायची, थुंकायची, चूळ भरायची. तीन वेल गोड होते. दोन असे कडू की चूळ भरूनही घशातली चव जाईना.

दादा सुरी हातात धरून वाफ्याच्या कडेला खाली बसले.

"ती हेच करायची," ते म्हणाले.

"काय करायच्या?"

"दर साली पहिलं फळ आलं की बारकी चकती कापायची अन् तोंडात टाकायची. मी म्हणायचो, काय ही बाई, कच्चा भोपळा खाती. लय चिडवायचो. ती हसायची अन् थुंकायची. एखादा वेल उपटूनच टाकायची, मी म्हणायचो, येडी का काय. अन् नवं बी द्यायची नाय कोणाला. एक साल सोता लावून बघायची. मला वाटायचं, जीव गुततो तिचा."

आमच्या गल्लीने ज्याला कंजूषपणा म्हटलं, तो हा होता. पुढच्या साली ये, म्हणजे मी आधी चाखून बघते, मग देते. त्यांनी ते कोणालाच समजावून सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. दादांनी गमछ्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ तो खाली घेतला नाही. मी शेजारी बसून राहिले.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी विचारलं, तेव्हा उलगडा झाला. कडू भोपळ्याचा वेल जवळपास असला तर त्याचे पराग आपल्या दुधीच्या फुलावर येतात. ते फळ गोडच लागतं, पण त्याच्या बियांतून पुढच्या साली जे वेल उगवतात, त्यातले काही कडू निघतात. म्हणजे बी कितीही डोळ्यांनी पारखलं तरी कळत नाही.

मी कोणाला बी दिलं याची यादी ठेवली नव्हती. दादा आणि मी आठवून आठवून सतरा नावं काढली आणि मी घरोघर गेले. काहींनी पेरलंच नव्हतं, पाकीट तसंच देवघरात होतं. तिघींचे वेल गोड निघाले होते. एका बाईने माझ्यासमोर लगडलेला वेल मुळासकट उपटला आणि वर मलाच चहा पाजला. एकीने मात्र दारातूनच ऐकवलं, "नीट माहीत नव्हतं तर वाटायचं कशाला?" ती खरं तेच बोलत होती.

कडू वेल कुठे आहे, हे शोधावं लागलं नाही. आमच्या परसापासून थोडं खाली, नदीकडे एक म्हातारा राहतो. गावातल्या दोन पिढ्यांना त्याने पोहायला शिकवलं. त्यासाठी पाठीला बांधायचे वाळलेले पोकळ भोपळे तो स्वतः पिकवतो आणि त्यांना जाड सालीची कडू जातच लागते. आदल्या पावसाळ्यात त्याने आमच्या बाजूच्या कुंपणावर वेल चढवला होता. मला वाटलं होतं, त्याला सांगायचं की कडू वेल लावणं बंद करा. दादा म्हणाले, "मी त्याच्या बापाच्या भोपळ्यावर पोहायला शिकलो. मी नाय सांगणार." तरी आम्ही दोघं गेलो.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"आरं, मग माझंबी बी नासलं का? तरीच. औंदा दोन भोपळ्यांची साल पातळ निघाली. पोराला बांधला अन् पाण्यात फुटला. मी त्या पोराच्या बापाला सांगितलं, तू नीट बांधला नाय."

दादा हसले. सासूबाई गेल्यानंतर त्यांचं असं हसू मी प्रथमच ऐकलं. म्हाताऱ्याने पुढच्या खेपेला त्याचा वेल पलीकडच्या अंगाला चढवायचं कबूल केलं. पण परागांना अंतर किती लागतं ते कोणाला ठाऊक, म्हणून आम्ही फुलं बांधायची ठरवली.

गोड निघालेल्या तीन वेलांवरच हे काम करायचं होतं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. दुपारी उन्हं कलली की दादा वेलांतून फिरायचे. ज्या कळीखाली इवलंसं फळ असतं ती मादी, नुसत्या देठावरची नर. उमलायच्या आतच दोन्ही कळ्यांना दोरा बांधायचा. दिवे लागायच्या वेळी नराचा दोरा सोडून तो मादीच्या फुलात हलकेच फिरवायचा, की पुन्हा दोरा बांधून कागदाची टोपी घालायची. देठाला लाल चिंधी, म्हणजे हे फळ बियांचं. सर सांगत गेले, मी लिहून घेतलं आणि दादांना वाचून दाखवलं.

दादांचे हात थरथरतात. पहिली चार-पाच फुलं देठातच मोडली. मी म्हटलं, द्या, मी करते. त्यांनी दिलं नाही. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात धरून त्यांनी सहावं फूल बांधलं. रविवारी मी असायचे, एरवी ते एकटेच करायचे. मोसम संपेपर्यंत सात लाल चिंध्या लागल्या.

मावशी शाळेत कामावर यायला लागल्या होत्या. माझ्या टेबलावर चहा ठेवायच्या, पण पूर्वीसारख्या क्षणभर थांबायच्या नाहीत. नवरा बरा झाला होता, पण घरात दुधीचं नाव काढू देत नव्हता. जूनमध्ये शाळा उघडल्यावर एक दिवस त्या चहा ठेवून उभ्या राहिल्या.

"मॅडम, ते बी दुरुस्त झालं का?"

मी त्यांना सगळं सांगितलं. सासूबाईंचं, फुलं बांधण्याचं, म्हाताऱ्याचंही. बांधलेल्या फळांचं बी आधी आम्ही लावू, प्रत्येक वेल चाखू, तोवर कोणाला देणार नाही, असं म्हटलं. त्या म्हणाल्या, "एक साल थांबायला काय होतंय." आणि पदराने टेबलावरचा सांडलेला चहा पुसला.

ते बी आम्ही पावसाळ्यात लावलं. बारा वेल आले आणि बाराही गोड निघाले. दादांनी फोनवर आकडा सांगितला आणि ठेवला.

त्या हिवाळ्यात एका रविवारी मावशी नवऱ्याला घेऊन सायखेड्याला आल्या. तो स्वतःहून आला होता. परसाच्या कडेला दादांनी पोतं अंथरलं, बसायला सांगितलं आणि कोवळा दुधी कापून सुरीच्या पात्यावर चकती त्याच्यापुढे धरली. तो नुसताच बघत राहिला. दादांनी हात मागे घेतला, चकतीचा अर्धा तुकडा स्वतः खाल्ला, उरलेला पुन्हा पुढे केला. त्याने तो घेतला. सावकाश चावला, गिळला. मग दोघं कांद्यावर बोलायला लागले आणि बोलतच राहिले.

संध्याकाळच्या बसने ते परत गेले. मावशींच्या पिशवीत दोन दुधी होते आणि बियांचं एक पाकीट. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी त्यांचा डबा माझ्यासमोर उघडून ठेवला. चण्याची डाळ घालून केलेली दुधीची भाजी होती. मीठ जरा जास्त झालं होतं. आम्ही दोघींनी मिळून ती संपवली.